हळदीची कसोटी

मराठींत एक जुनी म्हण आहे : ‘पी हळद आणि हो गोरी.’ केलेल्या गोष्टीचें फळ ज्याला हातोहात पाहिजे असतें, त्याच्या उतावळेपणाला हंसण्यासाठीं ती योजतात. ज्या समाजानें लग्नाच्या मांडवापासून तों जखमेच्या पट्टीपर्यंत सर्वत्र हळदीचा मान राखला, त्यानेंच हळदीच्या नांवानें हा इशाराहि देऊन ठेवावा, ही मोठी मौजेची गोष्ट होय. हळदीच्या औषधी गुणांविषयीं देशोदेशींच्या विद्यापीठांत जें संशोधन चाललें आहे, त्याचा वृत्तांत ऐकतांना ही म्हण पदोपदीं आठवते. कारण हा वृत्तांत साध्या खोकल्याचा किंवा खरचटल्याचा नव्हे. शरीराची रक्षणशक्ति शरीरावरच उलटल्यामुळें जे रोग होतात, त्यांवर हळदीचा उपाय चालेल काय, असा हा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळांच्या हातापायांचें भवितव्य अवलंबून आहे.

हा प्रश्न जेथें केवळ पुस्तकी राहत नाहीं, असा एक मुलूख महाराष्ट्रांतच आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यापासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा आज हळदीचें एक मोठें आगर म्हणून ओळखला जातो. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पांच तालुके. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेलें हें पीक आठ-नऊ महिने जमिनींत राहतें. मग तें खणून काढावयाचें, गड्डे आणि हळकुंडें निराळीं करावयाचीं, तीं शिजवावयाचीं, उन्हांत खडखडीत वाळवावयाचीं आणि शेवटीं फिरत्या पिंपांत घांसून त्यांना झिलई आणावयाची, असा हा खटाटोप असतो. २०२४ सालीं वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच गांवीं बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रहि उभें राहिलें आहे. हळदीचीं हळकुंडें मोडण्याचें आणि निवडण्याचें काम पुष्कळ अंशीं स्त्रियांच्या हातून होतें. ज्या रोगाची कथा पुढें सांगावयाची आहे, तो नेमका हातांचीच नासाडी करतो. आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना तो दुपटी-तिपटीनें अधिक होतो.

अशा एखाद्या बाईला एके दिवशीं पहांटे उठल्यावर मूठ वळतां येईनाशी होते. दोन्ही हातांचीं बोटें व मनगटें सुजलेलीं असतात. दिवस तासा-दोन तासांनीं वर आला कीं हात जरा मोकळे होतात, म्हणून ती कामाला लागते. पुढें भाकरी थापतांना कळ येते, वेणी घालतां येत नाहीं, पाण्याची घागर हातांतून निसटते. शेजारपाजारच्या बायका सांगतात, वात आहे. रात्रीं दुधांत हळद घालून घे. सल्ला प्रेमाचा असतो आणि हळद तर घरचीच असते. वात अनेक प्रकारचे आहेत, आणि कांहीं आपोआप शमतातहि. परंतु हा आमवात असेल, तर सांध्यांतील कूर्चा आणि हाडें झिजण्यास पहिल्या एक-दोन वर्षांतच आरंभ झालेला असतो, आणि झिजलेला सांधा पुन्हां पहिल्यासारखा होत नाहीं. म्हणून हळदीच्या दुधांत गेलेला काळ फुकटचा नसतो. त्याची किंमत बोटांनीं द्यावी लागते.

हा रोग होतो तरी कसा? शरीरांत शिरणाऱ्या जंतूंना ओळखून त्यांचा नाश करणारी एक विलक्षण व्यवस्था प्रत्येकाच्या रक्तांत असते. पांढऱ्या पेशी ही तिची फौज, आणि रक्तांतील प्रतिपिंडें हीं तिचीं शस्त्रें. या फौजेचा सर्वांत मोठा गुण पराक्रम हा नसून आपपरभाव हा आहे. आपलें कोणतें आणि परकें कोणतें हें तिला कळलें पाहिजे. हा विवेक सुटला कीं कुंपणच शेत खाऊं लागतें. आमवातांत कुंपण सांध्यांचें आवरण खातें. बालपणींच्या मधुमेहांत इन्सुलिन करणाऱ्या पेशी खातें. हाशिमोटो या जपानी वैद्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विकारांत गळ्यांतील अवटु ग्रंथि खातें.

आरंभीं पंडितांना हें शक्यच वाटलें नाहीं. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं पाउल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानें शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचें रक्त टोचून पाहिलें. त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडें तयार झालीं; परंतु शेळीच्या स्वतःच्या रक्ताला मारणारीं प्रतिपिंडें कांहीं केल्या उत्पन्न होईनात. शरीराला आत्मघाताची जणूं उपजत भीति असते, असें त्यानें प्रतिपादन केलें, आणि त्याच्या अधिकारामुळें तें मत जवळजवळ अर्धशतक टिकलें. तें मोडलें तें अमेरिकेंतील बफेलो विद्यापीठांत. एर्लिकच्याच शिष्यपरंपरेंत वाढलेल्या अर्न्स्ट विटेब्स्की यांच्या हाताखालीं नोएल रोझ हे तरुण संशोधक काम करीत होते. त्यांनीं सशांच्याच अवटु ग्रंथीचा अर्क सशांना टोचला, तेव्हां सशांनीं त्याविरुद्ध प्रतिपिंडें निर्माण केलीं आणि त्यांच्या स्वतःच्या ग्रंथींना सूज येऊन त्या बिघडल्या. गुरूच्या सिद्धांताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष पुनःपुन्हां पारखून १९५६ सालीं प्रसिद्ध करण्यांत आला. त्याच सालीं लंडनमध्यें रॉइट, डोनियाख व त्यांचे सहकारी यांना हाशिमोटोच्या विकारानें पीडलेल्या माणसांच्या रक्तांत त्यांच्याच ग्रंथीविरुद्ध असलेलीं प्रतिपिंडें सांपडलीं. कुंपण शेत खातें, ही गोष्ट अशा रीतीनें सिद्ध झाली.

मग उलट प्रश्न निघाला : सर्वांचेंच कुंपण शेत कां खात नाहीं? त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग जपानमधील शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं दाखविला. या फौजेंत कांहीं पेशी अशा असतात कीं, ज्यांचें काम लढण्याचें नसून लढणाऱ्यांना आवरण्याचें असतें. या पेशींचें नियमन करणारा अनुवंशिक घटक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनीं २००१ सालीं शोधून काढला. या तिघांना २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. फौजेला कोतवालहि लागतो, हा त्या शोधाचा थोडक्यांत अर्थ.

उपचारांचा इतिहासहि तितकाच बोधप्रद आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो चिकित्सालयांत फिलिप हेंच यांनीं आमवातानें खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन टोचलें. थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. सगळें जग थक्क झालें आणि १९५० सालीं हेंच यांना केंडाल व राइखस्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पण औषध अधिक काळ दिलें तों चेहरा सुजणें, हाडें ठिसूळ होणें, मधुमेह, जंतुदोष असे उपद्रव दिसूं लागले. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा मोह सामान्य माणसांनाच होतो असें नाहीं. प्रयोगशाळांनाहि तो होतो. पुढें १९८५ च्या सुमारास मेथोट्रेक्सेट या औषधाची अल्प मात्रा आठवड्यांतून एकदांच दिली असतां आमवात आटोक्यांत राहतो, हें काळजीपूर्वक चाचण्यांनीं सिद्ध झालें. लंडनच्या केनेडी संस्थेंतील मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनीं सुजलेल्या सांध्यांत आग पेटविणारें टी.एन.एफ. नांवाचें द्रव्य हुडकलें आणि १९९२ सालीं त्याला बांधून टाकणारें प्रतिपिंड रुग्णांना दिलें. मेथोट्रेक्सेटवर रक्ताच्या तपासण्यांची देखरेख लागते, आणि दुसरा उपचार महाग आहे. परंतु दोहोंनींहि असंख्य हात वांचविले आहेत.

याच टी.एन.एफ.च्या वाटेनें हळद या कथेंत शिरते. हळदीला पिवळेपणा देणारें द्रव्य १८१५ सालीं फोगेल आणि पेल्तिये यांनीं वेगळें काढलें. त्याला करक्यूमिन म्हणतात. १९९५ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, पेशींमध्यें दाहाची आज्ञा पोंचविणारा जो एक निरोप्या आहे, त्याला करक्यूमिन अडवून धरतें. टी.एन.एफ. ज्याच्यामार्फत आपला हुकूम बजावितें, तोच हा निरोप्या. मग काय विचारतां! आजीबाईच्या बटव्याला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला असें सर्वांना वाटलें आणि करक्यूमिनवर हजारों निबंध निघाले. ॲरिझोना विद्यापीठांत जॅनेट फंक यांनीं २००६ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हळदीच्या अर्कानें त्यांचा सांधेदाह टळतो. तथापि त्या प्रयोगांत अर्क तोंडानें दिलेला नव्हता, पोटाच्या पोकळींत टोचलेला होता; आणि त्याचा उत्तम गुण रोग जडण्यापूर्वीं दिल्यासच येत होता. स्वयंपाकघरांतील भांडें आणि प्रयोगशाळेंतील सुई यांमधील हें अंतर विसरून चालणार नाहीं.

तें अंतर किती, हें साध्या त्रैराशिकानें कळतें. हळदींत शेंकडा ३ भाग करक्यूमिन धरलें, तर दिवसाच्या वरणभाजींत पडणाऱ्या २ ग्रॅम हळदींत तें ६० मिलिग्रॅम भरतें. चाचण्यांतून जी मात्रा देतात, ती १००० ते २००० मिलिग्रॅमची असते. त्यांतहि करक्यूमिन पाण्यांत विरघळत नाहीं. आंतड्यांतून फारच थोडें रक्तांत जातें, आणि जें जातें त्याचें यकृत लगेच रूपांतर करून टाकतें. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, २ ग्रॅम करक्यूमिनबरोबर मिऱ्यांतील २० मिलिग्रॅम पिपरीन दिलें, तर रक्तांत पोंचणारें प्रमाण वीसपट होतें. परंतु अत्यल्पाची वीसपट म्हणजे विपुल नव्हे.

आतां माणसांवरील चाचण्यांकडे वळावें. १९८० सालीं देवधर, सेठी आणि श्रीमल यांनीं आमवाताच्या १८ रुग्णांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम करक्यूमिन दिलें. गुण दिसला; पण मुदत अवघी दोन आठवड्यांची. २०१२ सालीं ४५ रुग्णांच्या एका चाचणींत करक्यूमिन हें डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या बरोबरीनें उतरलें. परंतु त्यांत पोकळ गोळी घेणारा तुलनेचा गट नव्हता. जपानांत २००६ सालीं हानाई यांनीं मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहानें आजारी, पण त्या वेळीं बरें वाटत असलेल्या ८९ रुग्णांना त्यांच्या नेहमींच्या औषधाबरोबर सहा महिने करक्यूमिन किंवा पोकळ गोळी दिली. करक्यूमिनच्या गटांत ४३ पैकीं दोघांचा, तर दुसऱ्या गटांत ३९ पैकीं आठांचा रोग उलटला. हा निकाल आशादायक खरा. पण येथेंहि हळद नेहमींच्या औषधाच्या जोडीला होती, त्याच्या जागीं नव्हती.

पोकळ गोळीचा एवढा आग्रह कशासाठीं, हें महाराष्ट्रांतीलच एका चाचणीवरून समजतें. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनीं अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद यांचें एक आयुर्वेदीय औषध आमवाताच्या १८२ रुग्णांवर पारखलें व तो निबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना हुबेहुब तशीच दिसणारी पोकळ गोळी; कोणाला काय मिळालें हें रुग्णालाहि ठाऊक नाहीं आणि तपासणाऱ्यालाहि नाहीं. असें १६ आठवडे चाललें. शेवटीं आढळून आलें तें असें कीं, पोकळ गोळी घेणाऱ्यांतहि पुष्कळांना बराच आराम पडला होता. सांध्यांची सूज यांसारख्या थोड्याच बाबतींत औषध सरस ठरलें. आमवाताला स्वभावतःच भरती-ओहोटी असते. माणूस औषध शोधतो तो भरतीच्या वेळीं. आणि मागाहून येणाऱ्या ओहोटीचें श्रेय जें कांहीं घेतलेलें असेल त्याला जातें. त्यांत आशेचा आणि आस्थेनें केलेल्या चौकशीचा गुण मिळतो. ‘अमक्या बाईला हळदीनें बरें वाटलें’ हें वाक्य म्हणूनच खोटें नसतें, पण पुरावाहि नसतें. डॉ. चोप्रा यांनीं स्वदेशी औषधाविषयीं आस्था बाळगूनहि त्याचा निकाल जसा लागला तसाच मांडला. खऱ्या आदराची रीत हीच होय.

मिनेसोटा विद्यापीठांतील कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं या सर्व वाङ्मयाची झाडाझडती घेतली. माणसांवर १२० हून अधिक चाचण्या होऊनहि निःसंशय यश पदरांत पडलेलें नाहीं, असें त्यांनीं बजावलें. शिवाय करक्यूमिन हें द्रव्य मोठें फसवें आहे. तें प्रकाशानें चमकतें, अनेक प्रथिनांना चिकटतें, पाहतां पाहतां विघटन पावतें. त्यामुळें कांचेच्या नळींतील परीक्षांत तें गुणकारी नसतांहि गुणकारी भासतें. या कठोर निर्णयाला सर्वांनीं मान तुकविली असें नाहीं, आणि संशोधन थांबलेलेंहि नाहीं. पण करक्यूमिनवरचे कित्येक निबंध पुढें मागें घ्यावे लागले आहेत, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे.

‘गुण न आला तरी अपाय तर नाहीं ना?’ असें पुष्कळ घरांत म्हणतात. फोडणींतल्या हळदीविषयीं तें खरें आहे. परंतु दुकानांतून मिळणाऱ्या अर्काच्या गोळ्या ही निराळीच वस्तु होय. अमेरिकेंतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांना २०११ ते २०२२ या काळांत हळदीच्या अशा गोळ्यांनीं यकृत बिघडलेले १० रुग्ण आढळले. त्यांपैकीं एक दगावला. दहांपैकीं सात जणांत एक विशिष्ट अनुवंशिक घटक सांपडला, आणि तो घटक नेमका आपपरभाव ओळखण्याच्या यंत्रणेंतला आहे! जी रक्षणशक्ति आवरण्यासाठीं गोळी घ्यावयाची, तिलाच कांहीं थोड्या माणसांत ती गोळी डिवचते कीं काय, असा संशय यावरून येतो. मेथोट्रेक्सेटचाहि भार यकृतावर पडत असल्यानें, अशी गोळी वैद्यापासून लपवून घेणें हें तर दुहेरी साहस होय.

येथें एका गाजलेल्या खटल्याची आठवण होणें साहजिक आहे. १९९५ सालीं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्याच्या कामीं हळदीच्या उपयोगाचें पेटंट अमेरिकेंत मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनें जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे सादर करून हें ज्ञान नवें नाहीं असें सिद्ध केलें, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. देशाला त्याचा रास्त अभिमान वाटला. परंतु तो निवाडा कशाचा होता, हें नीट पाहिलें पाहिजे. हळदीचा उपयोग जुना आहे, एवढेंच त्यांत ठरलें. अमुक रोगावर ती चालते काय, हा प्रश्न त्या न्यायासनापुढें नव्हताच. परंपरा हा मालकीचा पुरावा आहे. गुणाचा पुरावा रुग्णाच्या अंथरुणाशींच गोळा करावा लागतो. या दोहोंची गल्लत झाली कीं अभिमानाचें ओझें आजाऱ्याच्या सांध्यांवर पडतें.

आणि आजारी थोडे नाहींत. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं डॉ. चोप्रा यांच्या मंडळींनीं १९९६ सालीं घरोघर फिरून पाहणी केली, तेव्हां दर हजार प्रौढांत सुमारें पांच जणांना आमवात असल्याचें दिसलें. २०११ च्या शिरगणतींत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लक्ष ७७ हजार होती. तींत प्रौढ सात लक्ष धरले आणि भिगवणचेंच प्रमाण लावलें, तर साडेतीन हजार माणसें होतात. हा केवळ अंदाज आहे. पण त्या साडेतीन हजारांत पुष्कळशा स्त्रिया, आणि त्यांतल्या कितीतरी हळदीच्या खळ्यावर राबणाऱ्या असणार, हें उघड आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजीं हिंगोली येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन झालें. एकाच जिल्ह्यांत एकीकडे हळदीचें संशोधन केंद्र आणि दुसरीकडे वैद्यकाचें विद्यालय, असा योग सहसा जुळून येत नाहीं. कोणत्या वाणांत करक्यूमिन किती, हें वसमतला मोजतां येईल. कोणाच्या सांध्याला त्याचा उपयोग किती, हें हिंगोलीला पारखतां येईल. ज्या मातींत ही हळद पिकते, तिथल्याच माणसांनीं तिची कसोटी घेतली, तर निकाल कोणताहि लागो, तो त्यांच्या हिताचाच ठरेल.

तोंपर्यंत घरोघर पाळावयाचा नियम सोपा आहे. हळदीचें दूध अवश्य घ्यावें. तें चवीला चांगलें आहे आणि तें देणाऱ्या हातांत माया असते. परंतु सकाळीं हात तासभराहून अधिक आंखडलेले राहत असतील, दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजत असतील आणि असें सहा आठवडे चाललें असेल, तर रक्त तपासून घ्यावें, वैद्याला दाखवावें आणि सुरू केलेलें औषध हळदीच्या भरंवशावर सोडूं नये. हळदीला थांबतां येतें. हजारों वर्षें ती थांबलेली आहे. सांधा मात्र थांबत नाहीं.